बाबांचा प्रश्न आणि तापलेला प्रोसेसर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मी जिथे जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा इतिहास राजांचा नाही आणि लढायांचाही नाही. तो तुमच्या टेबलाखाली धूळ खात पडलेल्या डब्याचा आहे. सुरुवात मात्र अकोल्यातून, मागच्या वर्षीच्या मे महिन्यातून.

बाबांचं अकोल्यात झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नाच्या पत्रिका, तेरवीची कार्डं, शाळेचे पेपर, ग्रामपंचायतीची पत्रकं अशी सगळी कामं. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सुट्टीला घरी गेलो होतो, तर पहिल्याच दिवशी दुपारी फोन आला. "अरे, सीपीयू पुन्हा बंद पडला. दहा मिनिटं चालते अन् फट्कन बंद. मिस्त्री म्हणते मदरबोर्ड गेला, नवाच घ्या."

आता तुम्ही म्हणाल, मग घ्या की नवा. अडचण तिथेच आहे. बाबांचं सगळं काम युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये आहे. त्या सॉफ्टवेअरला एक डोंगल लागतो आणि तो प्रिंटरच्या जुन्या, लांबट पोर्टमध्ये बसतो. नव्या मशीनला ते पोर्टच नसतं. ते सॉफ्टवेअरही नव्या विंडोजवर धड चालत नाही. सोळा वर्षांच्या पत्रिका, मजकूर, डिझाइनं, सगळं त्या एका हार्ड डिस्कवर. बॅकअप? अर्थातच नाही. वर लग्नसराई ऐन भरात. म्हणजे डबा गेला तर निम्मं दुकान गेलं.

मी गेलो आणि पहिल्यांदा मशीन सुरू करून थेट बायोसमध्ये शिरलो. तिथे प्रोसेसरचं तापमान दिसतं. ८८, ९१, ९५, ९७... आणि स्क्रीन काळा. मदरबोर्ड गेला नव्हता. मशीन तापत होतं, आणि जळू नये म्हणून स्वतःला बंद करत होतं.

मी बाबांना म्हटलं, "कूलर बदलावा लागेल."

बाबांनी खिडकीकडे बघितलं. "कूलर? कूलर तं मागच्याच आठवड्यात धुतला. ताट्या बी नव्या टाकल्या."

विदर्भात मे महिन्यात कूलर म्हणजे एकच, हे मी पुण्यात राहून विसरलो होतो.

असो. प्रोसेसरवरचा कूलर काय असतो, हे बाबांना समजावताना मला त्यांचा एक जुना प्रश्न आठवला. बाबांचा पहिला कॉम्प्युटर २००४ सालचा. त्यावर ३ गिगाहर्ट्झ लिहिलेलं. दुसरा, म्हणजे हा आत्ताचा, २००८ मध्ये घेतला, तेव्हा मी पाचवीत होतो. दुकानदाराने बिल लिहिलं, त्यावर २.६६ गिगाहर्ट्झ. बाबा तिथेच थांबले. "मले सांगा, जुना तीनचा अन् नवा पावणेतीनचा? मंग पैसे जास्त कायले देऊ मी?" दुकानदार म्हणाला, "हा ड्युअल कोअर आहे साहेब." बाबांनी पैसे दिले, पण समाधान झालं नाही. माझंही नाही. चार वर्षांनी घेतलेल्या मशीनचा आकडा कमी कसा?

त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. उष्णता. पण त्या एका शब्दामागे साठ वर्षांची गोष्ट आहे.

एक गोष्ट आधी पक्की करू. कॉम्प्युटर जी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. मिक्सर वीज खातो आणि चटणी वाटतो. प्रोसेसर वीज खातो आणि हिशोब करतो, पण हिशोबाला वजन नसतं. ६५ वॅट आत गेले की ६५ वॅटची ऊब बाहेर येणार, आणि ती कुठेतरी नेऊन टाकावीच लागणार.

हे अगदी पहिल्यापासूनचं दुखणं आहे. १९४६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत फिलाडेल्फियाला एनिॲक नावाचं मशीन जगाला दाखवलं गेलं. त्यात सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या, म्हणजे जुन्या रेडिओत पिवळ्या उजेडात चमकायच्या तशा काचेच्या नळ्या. हे मशीन सुमारे १५० किलोवॅट वीज खायचं. आत हवा ढकलायला मोठे ब्लोअर होते, आणि एखादा भाग फार तापला तर वीज तोडणारे थर्मोस्टॅटही. थोडक्यात, बाबांचं मशीन दहा मिनिटांनी जे करत होतं, ती युक्ती कॉम्प्युटरइतकीच जुनी आहे.

आपल्याकडेही हे झालंय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक नावाचा कॉम्प्युटर इथल्याच लोकांनी बांधला. १९६० मध्ये तो कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. मुंबईची हवा आणि त्यात २,७०० तापलेल्या नळ्या, कल्पना करा!

मग ट्रान्झिस्टर आला, त्यातून चिप आली, आणि काही वर्षं उष्णतेचा प्रश्न जणू मिटला. १९७१ चा इंटेलचा ४००४, ट्रान्झिस्टर फक्त २,३००. १९८१ मध्ये आयबीएमने पीसी आणला, त्यातल्या प्रोसेसरचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. त्या प्रोसेसरवर ना पंखा होता, ना धातूचा ठोकळा. नुसती उघडी चिप. पंखा होता तो पॉवर सप्लायमध्ये.

हे सुख कशामुळे? १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नियम मांडला. साध्या भाषेत असा: ट्रान्झिस्टर लहान करा आणि त्याच प्रमाणात व्होल्टेजही कमी करा. मग त्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतील, ते जास्त वेगाने चालतील, आणि तरीही तेवढ्या जागेतून निघणारी उष्णता वाढणार नाही. जास्त वेग, जास्त काम, ताप तेवढाच. इंजिनिअरिंगमध्ये इतकं फुकट सहसा काही मिळत नाही.

पण प्रत्यक्षात कंपन्यांनी व्होल्टेज नियमाइतकं कमी केलं नाही आणि वेग मात्र नियमापेक्षा जास्त वाढवला. १९९३ चा पहिला पेंटियम ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा, ५ व्होल्टवर चालणारा. तो साधारण १५ वॅट खायचा. ऐकायला कमी वाटतं, पण नखाएवढ्या चिपमधून १५ वॅट म्हणजे बोट ठेववणार नाही. तेव्हापासून प्रोसेसरवर ॲल्युमिनियमचा पात्यापात्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा हे घरोघरी नेहमीचं झालं. तो ठोकळा म्हणजे हीटसिंक. काम एकच, उष्णता पसरवायची आणि हवेला देऊन टाकायची.

पुढे सुरू झाली गिगाहर्ट्झची शर्यत. मार्च २००० मध्ये एएमडीने १ गिगाहर्ट्झचा ॲथलॉन जाहीर केला. दोनच दिवसांनी इंटेलनेही १ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री जाहीर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पेंटियम फोर आला, थेट १.४ आणि १.५ वर. हा प्रोसेसर मुळातच मोठा आकडा गाठण्यासाठी आखलेला होता. पुढे १० गिगाहर्ट्झपर्यंत जाऊ, अशी भाषा सुरू होती. गिऱ्हाईकही आकडाच बघायचं. गाडीचा ॲव्हरेज विचारावा तसं दुकानात गिगाहर्ट्झ विचारायचे. बाबांनीही तेच केलं.

धोक्याची घंटा आतूनच वाजली. फेब्रुवारी २००१ मध्ये चिप बनवणाऱ्यांच्या एका मोठ्या परिषदेत इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी हिशोब मांडला. असंच चालू राहिलं तर २००५ च्या सुमारास चिपच्या दर चौरस सेंटिमीटरमधून अणुभट्टीइतकी उष्णता निघेल, २०१० मध्ये रॉकेटच्या नळीइतकी आणि २०१५ मध्ये सूर्याच्या पृष्ठभागाइतकी. अर्थ स्पष्ट होता: असं चालू राहू शकत नाही.

त्याच वर्षी टॉम्स हार्डवेअर या साइटने एक व्हिडिओ केला होता. गेम चालू असताना प्रोसेसरवरचा कूलर सरळ उचलून काढायचा आणि काय होतं ते बघायचं. तेव्हाचे ॲथलॉन काही क्षणांत धूर सोडून मेले. पेंटियम थ्री अडकून बसला. पेंटियम फोरने स्वतःचा वेग कमी केला आणि रडतखडत का होईना, चालू राहिला. पुढे अशी संरक्षणं सगळीकडेच आली. आज आपला फोन उन्हात हळू होतो आणि आपण त्याला शिव्या देतो, तेव्हा तो हेच करत असतो.

आता गोष्टीतलं वळण. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की डेनार्डचा नियमच मोडला. व्होल्टेज आणखी कमी करावं, तर ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून करंट गळायला लागला. तोटी घट्ट बंद केली तरी ठिबकणाऱ्या नळासारखं. एक नळ ठिबकला तर बादली भरते, इथे कोट्यवधी नळ ठिबकत होते. फेब्रुवारी २००४ मध्ये पेंटियम फोरची नवी पिढी आली, प्रेस्कॉट नावाची. १२.५ कोटी ट्रान्झिस्टर, ९० नॅनोमीटर. नवं तंत्रज्ञान आलं की ताप कमी व्हायचा, ही सगळ्यांची सवय. इथे उलटं झालं. पुढे त्यातली काही मॉडेलं ११५ वॅटपर्यंत गेली.

मे २००४ मध्ये इंटेलने त्याच्या पुढचा प्रोसेसर, सांकेतिक नाव तेहास, बनण्याआधीच रद्द केला. ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोरही रद्द केला. त्यानंतर ऑरलँडोला गार्टनरच्या परिषदेत इंटेलचे तेव्हाचे सीईओ क्रेग बॅरेट यांनी भर स्टेजवर गुडघे टेकून माफी मागितली. अर्धी गंमत, अर्धं खरं. इंटेलला ४ गिगाहर्ट्झ मूळ वेगाची डेस्कटॉप चिप आणायला पुढे २०१४ साल उजाडलं. म्हणजे सगळा खेळ ज्या आकड्याभोवती फिरत होता, तो दहा वर्षं अडकला. आणि अडवलं कोणी? उष्णतेने.

मग दुसरी वाट कोणती? इथे थोडं गणित, घाबरू नका. चिप खाते ती वीज साधारणपणे वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग कमी केला तर व्होल्टेजही कमी करता येतं. समजा दोन्ही ८० टक्क्यांवर आणले. मग वीज झाली ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे जवळजवळ निम्मी. काम मात्र ८० टक्के होतंय. आता असे दोन कोअर शेजारी ठेवा. वीज पूर्वीइतकीच आणि काम १६० टक्के, निदान कागदावर तरी. एका दमलेल्या पहिलवानाला पळवण्यापेक्षा दोन माणसं चालवा, असला हिशोब.

इंटेलच्या इस्राएलमधल्या हायफाच्या टीमने लॅपटॉपसाठी कमी वीज खाणारे प्रोसेसर बनवले होते. बॅटरी वाचवायला शोधलेल्या त्याच विचारावर पुढे डेस्कटॉपही आले. जुलै २००६ मध्ये कोअर टू ड्युओ आला. नेहमीची डेस्कटॉप मॉडेलं ६५ वॅटची, वेग तीनच्या आत, आणि तरी कामात पेंटियम फोरच्या पुढे.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर हेच. तीनवरून पावणेतीनवर आलो, कारण तीनच्या पुढचा रस्ता तापून बंद झाला होता. सगळ्या उद्योगाने गाडी दुसऱ्या रस्त्याला घातली आणि बाबा नेमके त्या वळणावर बिल हातात घेऊन उभे होते.

यात माझाही स्वार्थ आहे. २००५ मध्ये हर्ब सटर या प्रोग्रामरने एक गाजलेला लेख लिहिला. मुद्दा असा की फुकटच्या जेवणाचे दिवस संपले. आधी तुमचा प्रोग्राम हळू असला तरी दीड-दोन वर्षांत नवा प्रोसेसर यायचा आणि प्रोग्राम आपोआप पळायचा. आता तसं होणार नाही. काम कोअरमध्ये वाटायचं कसं, हे प्रोग्रामरने स्वतः लिहायचं. मी ऑफिसात ज्या बगपायी रात्री जागवतो, दोन थ्रेड एकाच वेळी एकाच गोष्टीत हात घालतात तो बग, त्याचं मूळ मला त्या दिवशी दुकानात दिसलं. मी ज्याच्यावर पोट भरतो ते अर्धं काम एका गरम चिपने तयार केलंय.

बरं, आता अकोल्याला परत.

पहिलं काम कूलर नाही, बॅकअप. कॅबिनेटची बाजू उघडली, टेबल फॅन थेट आत रोखला आणि बाहेरची हार्ड डिस्क लावली. वीस मिनिटं चालायचं, मग बंद. थंड होऊ द्यायचं, पुन्हा सुरू. असं करत संध्याकाळपर्यंत फाइली आणि फॉन्ट उतरवले. बाबा शेजारी बसून प्रत्येक फोल्डर पुढे सरकताना बघत होते. काही बोलत नव्हते. मधेच एकदा म्हणाले, "तुह्या मुंजीची पत्रिका बी त्याच्यातच हाये." तेव्हा मला कळलं, ते नुसतं धंद्याचं बघत नव्हते.

मग मशीन बंद करून, वायर काढून आत बघितलं. कूलर चार प्लास्टिकच्या पायांवर बसलेला, त्यातला एक पाय तुटलेला. सोळा वर्षं उष्णता खाल्लेलं प्लास्टिक ठिसूळ होणारच. त्या कोपऱ्यात कूलर उचलला गेला होता, काडेपेटीची काडी जाईल एवढा. एवढ्याशा फटीने काय होतं? तर तांबं हवेपेक्षा हजारो पट जास्त उष्णता वाहून नेतं. फटीत हवा शिरली की रस्ता बंद. म्हणूनच धातूवर धातू ठेवतानाही मध्ये थर्मल पेस्ट लावतात, कारण गुळगुळीत दिसणाऱ्या धातूवरही बारीक खड्डे असतात आणि त्यात हवा बसते. आमची पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती. पात्यांमध्ये धुळीची गोधडी होती ती वेगळीच.

कूलर मागवताना मी मोठा शहाणपणा केला. जुन्या सॉकेटला बसतो का एवढं बघितलं आणि चार हीटपाइपवाला उंच टॉवर मागवला. तीन दिवसांनी आला. बसवला आणि कॅबिनेटचं झाकण लागेना! उंची मोजलीच नव्हती. बाबा शांतपणे म्हणाले, "आमी कागद मापून कापतो." परत केला, बुटका मागवला, आणखी तीन दिवस गेले. तोवर पत्रिकांची कामं शेजारच्या दुकानातून करून घेतली.

तरी त्या हीटपाइपची गोष्ट सांगायलाच हवी, कारण बुटक्या कूलरमध्येही दोन होत्या. तांब्याची बंद नळी, आत अगदी थोडं पाणी, आणि दाब कमी, म्हणजे पाणी कमी तापमानालाच उकळतं. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ थंड टोकाला जाऊन उष्णता सोडते, पुन्हा पाणी होऊन परतते. १९६३ मध्ये अमेरिकेत लॉस ॲलामॉसला जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही कल्पना उभी केली, ती अवकाशयानांसाठी. मी बाबांना म्हटलं, "तुमचा खिडकीतला कूलर पाण्याची वाफ करूनच हवा थंड करतो ना? यातही पाण्याची वाफच उष्णता नेते, फक्त पाणी नळीबाहेर येत नाही." आता मात्र त्यांना कूलर हा शब्द पटला.

बसवणं सोपं होतं. मदरबोर्ड बाहेर काढला, कारण नव्या कूलरला मागून पट्टी लागते आणि तो प्लास्टिकच्या पायांवर नाही, स्क्रूवर बसतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. नवी वाटाण्याएवढी लावली, जास्त नाही. चारही स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांचे आळीपाळीने, थोडे थोडे घट्ट केले, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे, म्हणजे कूलर एका बाजूला कलत नाही. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच लावली.

मशीन सुरू केलं. दुकानात ४२ डिग्री. लक्षात ठेवा, पंख्याचा कूलर काहीही केलं तरी खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. पुण्यात २८ पासून मोजायला सुरुवात होते, अकोल्यात मे महिन्यात ४२ पासून. अर्धा तास पत्रिकेचं काम चालवलं. तापमान ६२ वर येऊन थांबलं. पुढे सरकलंच नाही.

मशीन म्हातारंच आहे. डोंगलचा प्रश्न सुटलेला नाही, तो कधीतरी सोडवावाच लागेल, आणि त्या फाइली युनिकोडमध्ये आणायचं काम माझ्या डोक्यावर आहे. पण लग्नसराई निघाली, आणि आता बॅकअप दोन ठिकाणी आहे.

रात्री जेवताना मी बाबांना प्रेस्कॉट, गळणारे नळ, गुडघे टेकलेले सीईओ, सगळं सांगितलं. सोळा वर्षांनी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. त्यांनी भाकरी मोडता मोडता नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग त्या दुकानदाराले इतकं सांगता येत नव्हतं का?"

तुमच्या घरातलं मशीन विनाकारण बंद पडत असेल तर आधी बॅकअप घ्या, मग तापमान बघा, आणि मदरबोर्ड गेला असं कोणी म्हणालं तरी कूलरचे चारही पाय एकदा तपासा. भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, वाचत राहा.